एकशे त्रेचाळीस मानकरी

लॅपटॉपनं पहिला मानकरी मागितला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि राजेश्रीला वाटलं, एवढा एक आणून बसवला की झालं.

मानकरी हा शब्द तिचाच. पडद्यावर इंग्रजीत एवढंच होतं की हे पॅकेज अमुक लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्या एका प्रोग्रॅमवर, अवलंबून आहे आणि ती लायब्ररी या मशीनवर नाही. पण ताडकळसात लग्न निघालं की काय होतं ते सहा वर्षं सून म्हणून तिनं पाहिलं होतं. थोरल्या चुलत्याला टोपी-टॉवेल मिळाल्याशिवाय धाकटा मांडवात येत नाही. धाकट्याला न्यायला गेलं तर त्याचा साडू रुसलेला. साडूची समजूत काढावी तर त्याच्या बायकोच्या माहेरचं माणूस अजून कुणी विचारलेलं नाही. नवरदेव बिचारा घोड्यावर ताटकळलेला. इथं नवरदेव म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर होतं, आणि त्याला संध्याकाळी पाचच्या आत मांडवात आणायचं होतं.

पाच ही वेळ माधवीनं दिली होती. परभणीला भूगोलात एमए करताना दोघी एका बाकावर बसत. माधवी आता परभणीतच एका लहानशा ऑफिसात होती. तिथं पाणलोटाचे नकाशे करत. उपग्रहातून घेतलेला शिवाराचा फोटो समोर ठेवायचा आणि त्यावर बांध, नाले, विहिरी एकेक करून आखायच्या. घरबसल्या करणारी एक बाई त्यांना हवी होती. माधवीनं राजेश्रीचं नाव घातलं, आणि साहेबांनी चाचणी म्हणून वालूरच्या शिवाराचा एक तुकडा पाठवला. चाळीस बांध, पाच वाजेपर्यंत. राजेश्रीच्या मशीनवरचं जुनं सॉफ्टवेअर ती फाईल उघडेना. त्या फाईलला त्याचं नवं व्हर्जन हवं होतं.

दुसरं काम हातात नव्हतं असं नाही. परभणीच्या एका खाजगी शाळेत क्लार्कची जागा तिला मिळाल्यात जमा होती. होय की नाही, एवढं आजच्या आज कळवायचं होतं. साडेसातची बस, परतायला संध्याकाळचे सात. आदिनाथ, तिचा नवरा, पूर्ण्याला खतं-बियाण्यांच्या दुकानात कामाला. त्याचं म्हणणं सरळ होतं, "आई हाय की घरी. पोरीला बघायला अजून कोन पायजे?"

राजेश्रीला साक्षी पायजे होती, डोळ्यांसमोर. वीस महिन्यांची पोर. गेल्या भादव्यात ताप चढता चढता तिला झटका आला. डोळे वर गेले, हातपाय ताठले, ओठ काळेनिळे पडले. सासूबाईंनी, म्हणजे धुरपताबाईंनी, फोडलेला कांदा नाकाला लावला. शेजारच्या कमलबाईंनी हुंगवायला चप्पल आणली. राजेश्रीनं लेकरू कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडं बघितलं, कारण डॉक्टर आधी विचारतात ते किती वेळ टिकला. दोन मिनिटं दहा सेकंद. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही, पाच-सहा वर्षांची होईपर्यंत जाईल आपोआप, फक्त ताप आला की लगेच औषध आणि लक्ष. तेव्हापासून तिचा हात दिवसातून वीसदा साक्षीच्या मानेमागं जाई. रात्री तर किती वेळा, ते तिनं मोजलं नव्हतं.

तर सकाळी नऊ.

लॅपटॉप जुना होता. आदिनाथचा चुलतभाऊ योगीराज पुण्याला असतो. त्यानं त्यावर विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं होतं. "वहिनी, ह्याला व्हायरस लागत न्हाई, अन् म्हातारं मशीन बी पळतंय," असं सांगून तो जो गेला तो दिवाळीलाच उगवे. मशीन पळत होतं हे खरं. बॅटरी मात्र मेलेली. भिंतीतली पिन निघाली की पडदा काळा.

राजेश्रीनं लिनक्सवर आजवर काही नवीन बसवलं नव्हतं. कॉलेजात कॉम्प्युटरवर जसं करायचे तसंच तिनं केलं. एका साइटवरून फाईल उतरवली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारली. मशीननं पहिला मानकरी सांगितला. तिनं दुसऱ्या एका साइटवरून तो आणला आणि बसवला. मशीननं दुसरा सांगितला. तोही आणला. दुसऱ्यानं तिसऱ्याचं नाव घेतलं. ती प्रत्येक नाव वहीत लिहीत गेली, आकड्यांसकट, टिंबांसकट, आणि झालं की पुढं खूण करत गेली. अकरा वाजता वहीत सात नावं होती आणि खुणा तिनांपुढं होत्या.

ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या धुरपताबाईंनी मान वर केली.

"काय करायलीस माय, सकाळपासून? पोरगी माती खायलीय बघ."

राजेश्री धावली. साक्षीच्या तोंडात माती नव्हती, तुरीचा दाणा होता. तो बोट घालून काढला. साक्षी रडली, मग थांबली.

"एक सॉफ्टवेअर बसवायलेय आत्याबाई. ते म्हणतं, मला आधी ह्याला आणा. तो म्हणतो, मला त्याला आणा."

"म्हंजे तुझ्या यंत्रात बी भाऊबंदकी हाय म्हन की."

"तसंच म्हणा."

"मग घरच्या थोरल्याला गाठ. एकेकाच्या दारात जाऊन पाया पडत बसलीस तर लगीन उद्या लागंल."

धुरपताबाई सहज बोलल्या आणि पुन्हा शेंगांकडं वळल्या. राजेश्रीनंही ते कानाआड केलं. ती सातव्या नावाच्या मागं होती.

सातव्यानं मात्र वेगळंच मागितलं. मशीन म्हणालं, हे बसवायचं तर आधीची एकसष्ट पॅकेजेस काढावी लागतील. होय का नाही? खाली त्यांची नावं. घाईतलं माणूस अशा वेळी होय दाबून मोकळं होतं. राजेश्री औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी बाई. तिनं एकसष्ट नावं वाचली. बरीचशी कळली नाहीत. पण एका नावात डेस्कटॉप हा शब्द होता आणि दुसऱ्यात नेटवर्क. म्हणजे पाहुण्यासाठी घराची भिंत आणि दार दोन्ही पाडायची. तिनं नाही दाबलं.

योगीराजला फोन लावला. तो उचलेना. मग तिनं ती चूक जशीच्या तशी नेटवर शोधली. तिच्यासारखाच कुणीतरी सहा वर्षांपूर्वी अडकला होता, आणि त्याला कुणीतरी जरा चिडूनच उत्तर दिलं होतं. फाईली हातानं का गोळा करता? हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं स्वतःचं भांडार आहे. त्याचा पत्ता मशीनला द्या, यादी ताजी करायला सांगा आणि मग फक्त सॉफ्टवेअरचं नाव घ्या. त्याला काय काय लागतं ते मशीन आपलं आपण आणेल.

राजेश्रीनं ओसरीकडं बघितलं. धुरपताबाई साक्षीला शेंगांची टरफलं मोजायला शिकवत होत्या. एक, दोन, लय. त्यांना काही सांगायला ती गेली नाही.

टर्मिनल नावाची काळी खिडकी तिनं आजवर फक्त योगीराजला उघडताना पाहिली होती. तिनं पत्ता दिला, एकेक अक्षर तपासून. यादी ताजी केली. सॉफ्टवेअरचं नाव घेतलं. मशीन क्षणभर थांबलं आणि म्हणालं, एकशे त्रेचाळीस नवीन पॅकेजेस येतील, काढायचं एकही नाही. होय का नाही? राजेश्रीनं ती यादीही वाचली. मग होय दाबलं.

फोनचं नेट खिडकीपाशी बरं चालायचं, म्हणून फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला होता. सगळं उतरायला पाऊण तास गेला. मग मशीन एकेक पॅकेज उघडून जागच्या जागी लावू लागलं. टक्के वर सरकत होते. बारा, तेरा. तेवढ्यात अंगणवाडीच्या नर्मदाबाई दारात आल्या.

"ताई, साक्षीचं वजन राहिलंय. आजच्या आज वर पाठवायचंय मला. काटा घेऊन दारोदार फिरू का आता?"

"दहा मिनिटांत आणते."

वजन चुकवणं राजेश्रीच्या स्वभावात नव्हतं. मशीन आपलं आपण चाललं होतं, फोनचंही आता काम उरलं नव्हतं. तिनं फोन आणि साक्षीला उचललं आणि गेली. साक्षी नऊ किलो चारशे भरली. मागच्या महिन्यापेक्षा शंभर ग्रॅमच जास्त. राजेश्रीनं पुन्हा काट्यावर ठेवायला लावलं. नऊ चारशेच. दहा मिनिटांची वीस झाली.

घराला कुलूप होतं. आज बाजाराचा दिवस, धुरपताबाई बाजाराला गेलेल्या. कोनाड्यातून किल्ली काढून तिनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. फ्रिजचा आवाज नव्हता. लॅपटॉपचा पडदा काळा होता. शेजारी कमलबाईंच्या घरात मात्र मिक्सर चालला होता.

तिनं बोर्डाकडं बघितलं. मेन बंद.

ही या घरची रीत. घर रिकामं पडायचं असलं, भले तासाभरासाठी, तरी कुलपाआधी मेन खाली. अकरा वर्षांपूर्वी धुरपताबाईंच्या भावाचं घर शॉर्टसर्किटनं जळालं, आत साठवलेल्या कापसासकट, सगळे लग्नाला गेलेले असताना. तेव्हापासून या घरातून कुणी मेन न पाडता बाहेर पडलेलं नाही. राजेश्रीला हे माहीत होतं. ती स्वतःही पाडायची.

धुरपताबाई पिशवीभर भाजी घेऊन आल्या तेव्हा मेन वर करून ती मशीनसमोर बसलेली होती.

"आत्याबाई, मेन पाडला तुमी."

"मग? कुलूप घालायचं म्हनल्यावर मेन पाडूनच घालावं लागतंय."

"मी दहा मिनिटांत येणार होते."

"तू दहा मिनिटांत येनार, मी तासाभरात येनार. मधी घर रिकामंच की न्हाई?"

"सगळं अर्ध्यावर तुटलं ना. एकशे त्रेचाळीस होते. कितवा बसला, कितवा राहिला, काही कळत नाही आता."

धुरपताबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही. "चुलीवर दूध ठिवून जाताना सांगतीस की मला. आत्याबाई, दुधाकडं बघा. सांगतीस का न्हाई? मग ह्याच्या पोटात काय शिजायलंय, ते बी सांगून जायाचं. मला काय सपान पडायलंय?"

तीन वाजायला वीस मिनिटं होती.

मशीन चालू झालं, पण नकाशाचं सॉफ्टवेअर जुनंही उघडेना आणि नवंही उघडेना. या वेळी योगीराजनं फोन उचलला. मागं गाड्यांचा आवाज.

"वहिनी, मधीच लाइट गेली का? मग सोडा. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल. मी आलो की करतो."

"कधी येणार?"

"बघू. शिमग्याला."

तिनं फोन ठेवला. साक्षीच्या मानेमागं हात लावला. गार होती. मग टर्मिनल उघडून सकाळचीच आज्ञा पुन्हा दिली. मशीननं नकार दिला. तिनं तो नकार वहीत उतरवायला घेतला. सकाळपासून ती हेच करत आली होती, चूक उतरवायची आणि नेटवर शोधायची. उतरवता उतरवता तिच्या लक्षात आलं, ही चूक नव्हती. मशीन सांगत होतं की मागचं काम मध्येच तुटलंय, ते पुरं करायचं तर ही आज्ञा तुम्ही हातानं द्या. आणि पुढं ती आज्ञा होती, अख्खी. दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, मग एक रेघ आणि ए. शोधायचं काहीच नव्हतं. ज्याचं दुखत होतं त्यानंच औषध सांगितलं होतं.

तिनं ती दिली. ओळी पळू लागल्या. अमुक लावतोय. तमुक लावतोय. सगळं सामान आधीच घरात उतरलेलं होतं, ते फक्त मांडायचं राहिलं होतं.

धुरपताबाईंनी तुरीची टोपली उचलली आणि बोर्डाखाली जाऊन बसल्या. कमलबाई विरजण मागायला आल्या, तर त्यांना तिथूनच थांबवलं. "त्या भिंतीला टेकू नको बाई. आत हिचं काम चाललंय."

"कसलं काम?"

"मला ठावं न्हाई. पर टेकू नको."

साडेतीनला शाळेचा फोन आला. क्लार्क व्यंकटराव बोलत होते, एकदम अदबीनं. "मॅडम, उद्यापासून रुजू होताय ना? साहेब विचारायलेत."

"अर्धा तास द्या ना सर. चारपर्यंत सांगते."

"अर्धा तास मी दिला असता हो. पण दुसऱ्या एक बाई समोरच बसल्यात. गंगाखेडहून आल्यात, त्यांना परतीची गाडी गाठायचीय. काय ते आत्ताच सांगा."

राजेश्रीनं पडद्याकडं बघितलं. ओळी पळत होत्या. चालेल का नाही, पडद्यावरून काही कळत नव्हतं. ओसरीत साक्षी टोपलीत दोन्ही हात घालून बसली होती, आणि धुरपताबाईंचं लक्ष बोर्डाकडं होतं.

"मला जमणार नाही सर. त्यांना घ्या."

"बघा हं. नंतर म्हणाल."

"नाही म्हणणार."

फोन ठेवला आणि ओळी थांबल्या. शेवटची ओळ लाल होती.

या वेळी ती नेटवर शोधायला गेली नाही. तिनं लाल ओळ वाचली, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची. नवी लायब्ररी आपली एक फाईल ठेवू बघत होती, आणि त्या जागी आधीच एक बसलेला होता. त्याचं नाव ओळखीचं होतं. वहीतलं पहिलंच नाव, पुढं खूण केलेलं. सकाळी परक्या साइटवरून तिनंच हाताला धरून आणून बसवलेला पाहुणा. तो उठेना, म्हणून खरा मानकरी उभा होता.

मोडलेलं सावरण्याची आज्ञाही मशीननंच खाली सुचवली होती. तिनं दिली. मशीन म्हणालं, तीन पॅकेजेस काढावी लागतील. होय का नाही?

तिनं तिन्ही नावं वहीशी ताडून बघितली. तिन्ही तिचीच, सकाळची. घरचं एकही नाही. तिनं होय दाबलं.

चार वाजून सहा मिनिटांनी वालूरचं शिवार पडद्यावर उघडलं. करडे-हिरवे तुकडे, मधून ओढा, कडेनं गाडीवाट.

"झालं का गं?" बोर्डाखालून प्रश्न आला.

"आता सुरू झालं."

"आता सुरू? मग दिसभर काय केलंस?"

राजेश्री हसली, आज पहिल्यांदा. पण थांबली नाही. बांध आखणं सोपं दिसतं. वरून बघताना बांध, पायवाट आणि बुजलेला पाट सारखेच दिसतात, एक फिकी रेघ. बांधाला एका अंगानं ओल असते, तिथं हिरवं जरा गडद. तिथं थांबून बघायचं, मग ओढायचं. साक्षी मांडीवर येऊन बसली, माऊसवर हात मारला, एक बांध ओढ्यापलीकडं गेला. तो पुसला. धुरपताबाई उठल्या, पोरीला उचलून परत बोर्डाखाली नेली. पाचला तीन मिनिटं असताना चौतीस झाले होते. उरलेल्या सहांवर झाडांची सावली होती आणि खाली काय आहे ते दिसत नव्हतं. ती जरा वेळ बघत बसली. सरळ रेघ ओढून दिली असती तर कुणाला कळलं असतं? तिनं चौतीसच पाठवले. सोबत लिहिलं, सहा ठिकाणी बांध आहे की वाट ते स्पष्ट दिसत नाही, म्हणून सोडले आहेत.

सव्वापाचला माधवीचा फोन.

"अगं, सहा का सोडलेस? साहेब विचारत होते."

"दिसत नव्हतं. अंदाजानं नाही ओढले."

"तेच सांगितलं मी. दुसऱ्या एकानं चाळीसच्या चाळीस दिलेत, साडेतीनलाच. त्यातले पाच बांध म्हणजे गाडीवाट निघाली. साहेबांनी त्यालाच विचारलं, वाटेवर पाणी अडवायचं का बैलगाडी?" माधवी हसली. "तुझे चौतीस बरोबर आहेत. सहांसाठी उन्हाळ्यातला दुसरा फोटो पाठवते, उद्या दुपारपर्यंत दे. महिनाभर काम देतील. पुढं बघू म्हणतात. आणि फाईल अशी शेवटच्या मिनिटाला नको, मला घाम फुटला इकडं."

"बरं," राजेश्री म्हणाली.

आदिनाथ सहाला आला. गाडी लावायच्या आत धुरपताबाईंनी त्याला शाळेचं सांगून टाकलं. तो आत आला, टोपी काढली.

"न्हाई म्हणलीस?"

"म्हणले."

"मला विचारायचं तरी."

"दुसरी बाई समोर बसली होती. विचारायला वेळ नव्हता."

"अन् हे पक्कं हाय?"

"महिन्याचं."

"महिन्यानं?"

"महिन्यानं विचारा."

तो काहीतरी बोलणार होता. धुरपताबाईंनी आतून हाक मारली, "आदिनाथ, हातपाय धू आधी. अन् येताना त्या भिंतीला गाडीची चावी अडकवू नको, आजपासून तिथं काई लावायचं न्हाई."

"का?"

"तुझ्या बायकोला विचार."

त्यानं विचारलं नाही. नळावर पाण्याचा आवाज आला. माधवीनं उन्हाळ्यातला फोटो पाठवला होता. झाडांची पानं गळालेली, खालची जमीन उघडी. राजेश्रीनं नकाशा मोठा केला. सहापैकी पहिला खरंच बांध होता, मध्ये एके ठिकाणी फुटलेला. तिनं त्याच्या वरच्या टोकाला पहिला ठिपका ठेवला, साक्षीच्या मानेमागं एकदा हात लावला आणि दुसरा ठिपका शोधू लागली.